उरलंसुरलं

रात्री दहाच्या सुमारास मुंबईतल्या एखाद्या घराच्या ओट्याकडे पाहावं. कुकरमधला भात तळाला गेलेला. वरणाच्या पातेल्यात दीड पळी उरलीय, त्यात गरम पाणी ओतून तिच्या दोन पळ्या झाल्यात. भाजीतल्या फोडी संपल्या, रस्सा आहे. कालवण असेल तर मधल्या तुकड्या गेल्या, डोकं आणि शेपटी राहिली. (डोक्याच्या कालवणाची चव न्यारी हे खरं, पण मांस तुकडीत असतं.) डब्यात सकाळची एक चपाती आहे, ती ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून ताज्या चपातीच्या आधी ताटात येते. हे ताट कुणाचं, ते सांगावं लागत नाही.

बायकांना पौष्टिक काय ते कळत नाही, असा पोषणाच्या पत्रकांचा एक सूर असतो. तो मला पटत नाही. सासऱ्यांच्या साखरेला काय चालतं, नवऱ्याच्या बीपीला मीठ किती, धाकट्याला कुठली भाजी कशात लपवून द्यायची, हे सगळं तिला पाठ असतं. घरातलं प्रत्येक माप तिच्या हातात आहे. फक्त तिचं स्वतःचं जेवण कुठल्याच मापात बसत नाही. ते ‘उरेल ते’ असतं. आणि उरण्याला प्रमाण नसतं. एखाद्या दिवशी चार घास जास्त, एखाद्या दिवशी चहात बुडवलेला बटर.

याची मोजदाद झालेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्क्यांना रक्तक्षय होता. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. महाराष्ट्रातल्या स्त्रियांचं ५४ टक्के, आणि त्याआधीच्या फेरीत ते ४८ होतं, म्हणजे आकडा खाली यायच्याऐवजी वर गेला. आणि राज्यातल्या पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांपैकी दोघांत रक्तक्षय. आई आणि मूल यांचे आकडे असे शेजारी शेजारी असणं योगायोगाचं नाही. बाळ पहिले सहा महिने जे लोह वापरतं, ते बव्हंशी पोटात असताना आईकडून घेतलेलं असतं.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणायचं, गरोदर बाईचं ११ च्या खाली. पण मुंबईत ‘दहा म्हणजे बरंय की’ असं सर्रास ऐकू येतं. शेजारणीचं नऊ असेल तर दहा बरंच वाटणार. शरीर मात्र आधीपासून सांगत असतं. स्टेशनचा पूल चढताना मधल्या टप्प्यावर थांबावं लागतं आणि दोष वयाला दिला जातो. तांदूळ निवडताना चार कच्चे दाणे तोंडात टाकायची सवय लागते. खडू, माती, बर्फ खावासा वाटतो. या ओढीला घरात ‘तिला आवडतं’ म्हणून हसण्यावारी नेतात. ती बहुतेकदा लोहाच्या कमतरतेची खूण असते आणि लोह भरून निघालं की आपोआप जाते.

आता हिशेब मांडू. पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, आणि एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे महिन्याला २० मिलिग्रॅमपर्यंत, दिवसाला वाटून पाऊण मिलिग्रॅमच्या आत-बाहेर. त्वचा, आतडी यांतून रोज जाणारं साधारण तेवढंच. दोन्ही मिळून दीड मिलिग्रॅम. दिसायला काहीच नाही. पण पोळी-भात-डाळीच्या जेवणातून शरीर शंभरातलं आठच्या आसपास लोह उचलतं, बाकी तसंच बाहेर जातं. त्यामुळे दीड मिळवायला पोटात अठरा-एकोणीस जावं लागतं. ज्यांना रक्तस्राव जास्त होतो त्यांना आणखी. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह धरलं आणि पुरुषासाठी १९. घरात जी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी जेवते, तिची गरज दीडपट.

हे २९ कुठून आणायचे? पन्नास ग्रॅम पिठाच्या बाजरीच्या भाकरीत तीनच्या वर. तीस ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीत सव्वादोन-अडीच. दोन चमचे तीळ, मूठभर फुटाणे, लाल माठाची वाटी, असं करत करत गाडी पंधरा-वीसवर जाते. पुढचं अंतर प्रमाण वाढवून कापता येत नाही, पोट तेवढंच असतं. ते कापायचं तर आठ टक्क्यांचे बारा-पंधरा टक्के करायचे. खरं कसब तिथेच आहे.

त्याआधी दोन गैरसमज. पोह्यांत भरपूर लोह असतं, हे आपण शाळेपासून ऐकतो. पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात शंभर ग्रॅम पोह्यांना २० मिलिग्रॅम लिहिलेलं होतं. २०१७ च्या नव्या तक्त्यात ते साडेचारच्या आसपास आलं. अळिवाचं तर जुन्या तक्त्यात १०० होतं, नव्यात १७. सतरा काही वाईट नाही, चांगलंच आहे. पण एका लाडवात अळीव जातो पाच-सात ग्रॅम. म्हणजे लाडवातून मिळतं एक मिलिग्रॅम, वर गुळाचं थोडं. बाळंतिणीला दोन लाडू दिले की लोहाचं काम झालं, असं मानून गोळ्या बंद केल्या जातात. तिथे गणित चुकतं. लाडू खावा. खोबरं, तूप, गूळ यांनी ताकद येते, आणि कुणीतरी तिच्यासाठी मुद्दाम काही केलंय ही गोष्टही कमी नाही. गोळी मात्र चालू ठेवावी.

चहा हा मोठा चोर. जेवणासोबत किंवा जेवल्याबरोबर घेतलेल्या चहाने त्या जेवणातल्या वनस्पतीजन्य लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येतं. मुंबईतल्या बाईचा दिवस चहावरच टेकलेला असतो. पहाटे पाण्याची वेळ सांभाळताना एक, डबे भरून झाल्यावर चपातीबरोबर दुसरा, ऑफिसात डब्यानंतर तिसरा. चहा सोडा असं सांगणाऱ्याचं कुणी ऐकणार नाही आणि ऐकायची गरजही नाही. जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास, एवढी फट ठेवली तरी पुरे. पहाटेचा चहा नुसता घ्यावा. चपातीबरोबरचा चहा मात्र खराच नडतो, कारण बऱ्याच जणींचा नाश्ता म्हणजे तोच असतो.

चहा जे नेतो ते क जीवनसत्त्व परत आणतं. पण इथेही प्रमाण पाहावं लागतं. ताटातली लिंबाची पातळ फोड पिळली तर दोन-तीन मिलिग्रॅम क मिळतं. ते नावापुरतं. परिणाम दिसायचा तर एका जेवणात पंचवीस-पन्नास मिलिग्रॅम हवं. शंभर ग्रॅमच्या एका पेरूत दोनशेच्या वर असतं. म्हणजे डब्यासोबत अर्धा पेरू, हिवाळ्यात एक आवळा, किंवा कच्च्या कोबीची कोशिंबीर वरून अख्खं अर्धं लिंबू पिळून. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळावं, उकळत्या आमटीत पिळलेल्याचा आंबटपणा राहतो, जीवनसत्त्व जातं. आमसुलाने आंबटपणा येतो, पण क जीवनसत्त्वाच्या हिशेबात त्याला धरू नये.

आमसुलाचा उपयोग दुसरीकडे होतो, लोखंडी कढईत. आंबट आणि पातळ पदार्थ लोखंडात शिजला की कढईतलं लोह त्यात उतरतं. आमसूल घातलेली आमटी, टोमॅटोचं सार, चिंचेतलं अळूचं फदफदं यांत ते चांगलं उतरतं, कोरड्या भाजीत कमी. भाजी थोडी काळपट होते आणि घरात कुणीतरी नाक मुरडतं. तो काळेपणा लोहाचाच. शिजल्याबरोबर पदार्थ दुसऱ्या भांड्यात काढावा, नाहीतर कढईची चव लागते. कढई घासून लगेच कोरडी करून तेलाचा हात फिरवावा. मुंबईच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, रात्रभर ओली राहिलेली कढई सकाळी तांबूस झालेली असते. नॉनस्टिक ओट्यावर आलं ते या कटकटीमुळे. माझं म्हणणं एवढंच, की दहा भांड्यांत एक लोखंडाचं असू द्या, आणि ते आमटीचं असू द्या.

संध्याकाळच्या लोकलच्या लेडीज डब्याइतकं कामसू स्वयंपाकघर दुसरं नाही. दादरला घेतलेली मेथी ठाण्यापर्यंत निवडून होते, बोरिवली येईतो मटार सोलून होतात. हे सगळं उत्तम. चिरणं मात्र घरी करावं. गाडीत चिरलेली पालेभाजी घरी गेल्यावर धुवावीच लागते, आणि चिरल्यानंतर धुतली की क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्याबरोबर मोरीत जातं. आधी धुणं, मग चिरणं. धुतानाही भाजीवर पाणी ओतून उपयोग नाही. मोठ्या पातेल्यात बुडवून, हलवून, भाजी वर उचलून घ्यायची आणि गढूळ पाणी टाकायचं. असं तीन वेळा. शहरातली बरीच पालेभाजी कशा पाण्यावर वाढते ते रुळांलगतच्या वाफ्यांकडे पाहिलं की कळतं, तेव्हा ही मेहनत वाचवू नये. बाजारात मिळणारी चिरलेल्या भाजीची पाकिटं नड असेल तेव्हा घ्यावीत, फरसबी-गाजराची चालतील, पालेभाजीची नकोत.

कुठली पालेभाजी, हाही प्रश्न आहे. पालकाचा गवगवा फार. पण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं, शरीराच्या हाती फारसं लागत नाही. कॅल्शियमसाठी मेथी आणि शेवग्याचा पाला पुष्कळ बरे. कोकणी घरांत गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी होते आणि मग वर्षभर त्या झाडाकडे फक्त शेंगांसाठी पाहिलं जातं. कॅल्शियमची रोजची गरज १,००० मिलिग्रॅम. चाळीस ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या एका भाकरीत १४५, पेलाभर दुधात सुमारे २४०, दहा ग्रॅम तिळांत १३०. अर्धा लिटर दूध घरात येतं, त्यातलं चहाला किती आणि मुलाला किती हे ठरलेलं असतं. तिच्या वाट्याला येतं ते चहातलं. म्हणून भाकरी आणि तीळ-कुटावर भर द्यावा, दुधाची वाट पाहू नये.

मासे खाणाऱ्या घरांना एक सोय आहे. मांदेलीसारखे काट्यासकट चावून खाता येणारे छोटे मासे स्वस्त असतात आणि त्यांच्या काट्यांतून कॅल्शियम मिळतं. जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हासाठी आगोटीला भरून ठेवलेला जवळा, सुके बोंबील, सोडे कामी येतात. जवळा चाळून वाळू-कचरा काढावा, कोरडा भाजावा, मग दोन-तीन पाण्यांतून धुवावा. आधी धुवून मग भाजायला गेलं की त्याचा लगदा होतो. खारवलेली मासळी मात्र भिजवून पाणी टाकल्याशिवाय बीपीवाल्या ताटात वाढू नये, मग ते ताट कुणाचंही असो.

नाचणी सत्त्वाबद्दल एक कडू गोष्ट सांगायला हवी. सत्त्व म्हणजे सार, म्हणजे सगळ्यांत पौष्टिक भाग, असं नावावरून वाटतं. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेलं वाळवलं की हाती येतो तो मुख्यतः स्टार्च. नाचणीचं कॅल्शियम तिच्या टरफलाच्या बाजूला जास्त, आणि ते फडक्यावर राहून कचऱ्यात जातं. सहा महिन्यांच्या बाळाला सुरुवातीचे काही दिवस गाळलेलं ठीक. पुढे नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, सावलीत खडखडीत वाळवून, हलकी भाजून दळलेलं पीठ चांगलं. मोड आल्याने लोह धरून ठेवणारं फायटेट कमी होतं आणि लोह मोकळं होतं. पीठ बारीक चाळणीने चाळावं, फडक्याने गाळू नये.

मोडांना मुंबईत हवेप्रमाणे वेळ द्यावा लागतो. मटकी आठ-दहा तास भिजली की निथळून बांधायची. मे महिन्यात बारा तासांत मोड येतात, जानेवारीत अख्खा दिवस लागतो. पावसाळ्यात घट्ट बांधलेली मटकी बुळबुळीत होऊन आंबते. तेव्हा गाळणीत पसरून वर ओलं फडकं टाकावं म्हणजे हवा खेळते. आंबूस वास आला तर धुवून वापरायचा मोह टाळावा.

प्रथिनांचं गणित लोहाहून सोपं आणि म्हणूनच जास्त दुर्लक्षित. पंचावन्न किलोच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम लागतात. एक नेहमीचा दिवस घ्या. सकाळी चहा आणि एक चपाती, तीन ग्रॅम. दुपारी डब्यात तीन चपात्या आणि बटाटा किंवा दुधी, दहा ग्रॅम. संध्याकाळी चहा-बिस्कीट, दोन. रात्री भात, एक चपाती आणि ते पाणी घातलेलं वरण, दहा. बेरीज पंचवीस. उरलेले वीस भरायला ना पावडर लागते, ना पनीर. तीस ग्रॅम भाजलेले शेंगदाणे म्हणजे सात, एक अंडं सहा, वाटीभर घट्ट उसळ सहा. झाले की. मूठभर दाणे पर्सच्या कप्प्यात मावतात आणि चौथी सीट मिळाल्यावर खाता येतात. अडचण पैशांची असते तिथे असते, पण चांगल्या पगाराच्या घरातही हे वीस ग्रॅम निसटतात, कारण अंडी उकडताना माणशी मोजली जातात आणि मोजणारी स्वतःला धरत नाही.

उपास. यावर बोललं की वाद होतो, तरी बोलायला हवं. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, श्रावण, नवरात्र असं धरलं तर काहीजणींच्या महिन्यातले आठ-दहा दिवस उपासाचे. उपास करूच नये असं मी म्हणणार नाही. साबुदाणा हा मात्र निव्वळ पिष्ट आहे. त्या खिचडीत जे काही सकस असतं ते दाण्याच्या कुटाचं. वरीचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी किंवा दुधातल्या लाह्या, उकडलेलं रताळं आणि दही हे सगळे पदार्थ उपासाचेच आहेत आणि साबुदाण्याहून कितीतरी वरचे. खिचडीच करायची तर साबुदाण्याच्या निम्मं कूट घालावं, आणि दिवसभर चहावर काढू नये. हरतालिकेचा निर्जळी उपास गरोदर बाईने, अंगावर पाजणारीने आणि मधुमेहाची औषधं घेणारीने करू नये. इथे मी आढेवेढे घेणार नाही.

गोळ्यांकडे वळू. २०१८ पासूनच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. दोन्हींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात, अंगणवाडीत आणि शाळेत त्या फुकट मिळतात. मिळतात, घरी येतात आणि फडताळात साठतात, कारण चार दिवसांत मळमळ सुरू होते, शौचाला काळं होतं, घट्ट होतं. काळं होणं हे फक्त न शोषलेलं लोह बाहेर पडणं आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर, झोपायच्या आधी घ्यावी. उपाशीपोटी जास्त शोषली जाते हे खरं, पण ओकारी होऊन सुटण्यापेक्षा जेवणानंतर घेऊन टिकलेली बरी. दूध, चहा आणि कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत घेऊ नये. कॅल्शियम आणि लोह यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवावं, म्हणजे एक सकाळी, एक रात्री. पित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांचंही लोह नीट शोषलं जात नाही, ते डॉक्टरांना सांगावं. हिमोग्लोबिन महिन्याभरात साधारण एकाने वर यायला हवं. बारा झालं की गोळ्या थांबवायच्या नसतात, पुढचे तीन महिने साठा भरण्यासाठी असतात. निम्म्यात थांबवलं की पुढच्या चार पाळ्यांत पुन्हा जैसे थे.

आणि नियमाने घेऊनही एक पैसाभर फरक पडला नाही तर? तर आणखी गोळ्या खायच्या नाहीत. रक्ताच्या अहवालात हिमोग्लोबिनच्या खाली एम. सी. व्ही. (लाल पेशीचं सरासरी आकारमान) आणि आर. बी. सी. (लाल पेशींची संख्या) असे दोन आकडे असतात. पहिल्याला दुसऱ्याने भागावं. एम. सी. व्ही. ६४ आणि आर. बी. सी. ५.६ असेल तर उत्तर साडेअकराच्या आत येतं. तेराच्या खालचं उत्तर थॅलेसेमिया मायनरकडे, म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या रक्तदोषाच्या सौम्य रूपाकडे, बोट दाखवतं. ६८ भागिले ४ म्हणजे १७, ते लोहाच्या कमतरतेकडे. हा अंदाज आहे, निदान नव्हे, निदानासाठी एच. पी. एल. सी. नावाची तपासणी एकदाच करावी लागते. मुंबईतल्या सिंधी, लोहाणा, भानुशाली घरांत याचं प्रमाण जास्त, पण मराठी घरंही सुटलेली नाहीत, आणि नवरा-बायको दोघेही मायनर असतील तर बाळाच्या दृष्टीने ते आधी कळलेलं हवं. एम. सी. व्ही. उलट शंभराच्या वर असेल आणि हातापायांना मुंग्या येत असतील तर बी-१२ पाहावं. शाकाहारी बायका आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे यांच्यात ते हमखास कमी सापडतं. पाळीत तासातासाला पॅड बदलावं लागत असेल, गाठी जात असतील, तर आधी तो नळ दुरुस्त करायचा. गळक्या बादलीत पाणी ओतून उपयोग नाही.

या शहराने याच विषयावर एक मोठा प्रयोग पाहिलेला आहे. २००६ पासून वांद्रे, खार, अंधेरीच्या वस्त्यांत ‘सरस’ नावाचा प्रकल्प चालला, डॉ. रमेश पोतदार यांच्या पुढाकाराने. साडेसहा हजारांवर स्त्रियांना गर्भ राहण्याच्या आधीपासून रोज खाऊ दिला गेला. अर्ध्याजणींच्या खाऊत पालेभाजी, फळं, दूध. अर्ध्याजणींच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. सरसकट पाहिलं तर बाळांच्या वजनात म्हणावा तसा फरक पडला नाही. पण ज्यांनी गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधी खायला सुरुवात केली होती, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅम जास्त भरलं, आणि गर्भारपणातला मधुमेहही पालेभाजीच्या गटात कमी आढळला. अगदी हडकुळ्या बायकांना वजनाचा फायदा मिळाला नाही. त्यांच्या शरीराने तो खाऊ बहुधा स्वतःसाठी ठेवून घेतला. डोहाळजेवणात पाच पक्वान्नं वाढतात ती सातव्या महिन्यात. बाळाच्या पाठीचा कणा मात्र गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होतो, पाळी चुकल्याचं नुकतं लक्षात येतं तेव्हा. म्हणून फोलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम हे मूल हवं असं ठरलं त्या महिन्यापासून.

घरच्यांच्या तब्येतीचं म्हणाल, तर दोन मापं पुरतात. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चौघांच्या घरात एक किलोची पिशवी पन्नास दिवस पुरायला हवी, आणि लोणचं-पापड-फरसाण धरलं तर त्याहून जास्त. पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख घाला. पंचवीस दिवसांत संपली तर घरात बीपी कुठून आलं ते शोधायला लांब जावं लागणार नाही. तेल चौघांना महिन्याला सव्वातीन लिटर, तेही वडापाव आणि भज्यांचं बाहेरचं तेल न धरता. महिन्याला पाच लिटरचा कॅन संपवणारी घरं पुष्कळ आहेत.

राहिलं ते वाढण्याचं. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. खाणावळवालीचा हिशेब माणशी असतो. एक गिऱ्हाईक वाढलं की डाळीची एक मूठ वाढते, तीन चपात्यांची कणीक वाढते. पातेल्यात पाणी वाढवून तिचं भागत नाही, गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जातं. घरातली डाळ मात्र ‘नेहमीची वाटी’ या मापाने शिजते, आणि ती वाटी बऱ्याचदा लग्न झालं तेव्हाची, दोन माणसांची असते. तूरडाळ माणशी तीस ग्रॅम म्हणजे चौघांना एक भरलेली वाटी. मटकी, चवळी तेवढीच. मासे आणताना तुकड्या माणसं मोजून कराव्यात, सगळ्या माणसांना धरून.

आणि स्वयंपाक झाल्याबरोबर, हाक मारायच्या आधी, एक डबा भरावा. मुलांचे, नवऱ्याचे डबे सकाळी भरताना हात जसा आपोआप चालतो तसाच. खालच्या पुड्यात उसळ, दाट, तळापासून ढवळून घेतलेली. वरच्यात भाकरी आणि एक तुकडी किंवा अंडं. झाकण लावून ओट्याच्या कडेला. पाहुणा आला तर वरणात पाणी घाला, चार जास्तीच्या चपात्या लाटा, कोपऱ्यावरून पाव आणा. तो डबा उघडायचा नाही.